चौकटीत न आलेला पाडा : नॅशनल पार्कचे फोटो इतिहासाचं साधन म्हणून कसे वाचायचे?

नेट किंवा पेट झाली, विषयाची शोधाशोध सुरू आहे, आणि तुमच्या विषयाचे जुने फोटो मिळतील असं कळलं, की बऱ्याच जणांना हायसं वाटतं. दफ्तरातले कागद मोडीत असतात, नाहीतर जुन्या सरकारी इंग्रजीत असतात. वाचायला वेळ लागतो. फोटोचं तसं नाही, बघितला की कळला, असं आपण धरून चालतो. या लेखात मला नेमकं हेच गृहीतक तुमच्यासोबत तपासायचं आहे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. पश्चिम रेल्वेने बोरिवलीला उतरा, नाहीतर मध्य रेल्वेने मुलुंडला. दोन्हीकडून जे जंगल दिसतं, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फोटोंबद्दल आपण बोलणार आहोत.

आधी एक साधं काम करा. या उद्यानाचे निसर्गदृश्यांचे जितके फोटो आठवतात तितके डोळ्यांसमोर आणा. विहार किंवा तुळशी तलावावर उतरलेले ढग. पावसाळ्यात कान्हेरीच्या कातळावरून धावणारं पाणी. कारवी फुलल्यावर जांभळा झालेला डोंगर. गांधी टेकडीवरून दिसणारी हिरवळ आणि तिच्या मागे इमारतींची रांग. फार तर एखादा बिबट्या.

आता ही नावं वाचा: नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा, केळीचा पाडा, चुनापाडा. हे सगळे याच उद्यानातले आदिवासी पाडे. वारली, मल्हार कोळी, कोकणा अशा समाजांची घरं इथे आहेत. यातल्या किती पाड्यांचा फोटो तुम्ही 'नॅशनल पार्कचा निसर्ग' म्हणून पाहिलाय? बहुतेकांचं उत्तर 'एकही नाही' असं येईल.

मग प्रश्न असा की निसर्गदृश्यात पाडा का नाही? घाईत दोन उत्तरं सुचतात. पहिलं, फोटो काढला तेव्हा तिथे पाडाच नसेल. दुसरं, फोटोग्राफरने मुद्दाम लोकांना वगळलं असेल. माझ्या मते दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. खरं कारण अधिक साधं आहे आणि त्यामुळेच ते नजरेतून सुटतं. या जंगलाचे फोटो कोणी, कोणत्या कामासाठी काढले आणि ते कोणत्या खात्यात ठेवले, यात ते कारण आहे. एकेक टप्पा बघू.

कॅमेऱ्याच्या आधीची नजर

फोटोग्राफी येण्याच्या आधीच या डोंगराकडे कसं बघायचं हे ठरू लागलं होतं. साष्टी बेट १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झालं. त्यानंतर इंग्रज चित्रकार आणि प्रवासी इथली लेणी पाहायला येऊ लागले. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी १७९३ मध्ये पश्चिम भारतातली लेणी पाहून चित्रं केली. हेन्री सॉल्टने साष्टीतल्या लेण्यांवर १८०६ मध्ये निबंध लिहिला. तो १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आला. हीच सोसायटी पुढे आपल्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत रूपांतरित झाली.

त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्रांचा एक ठरीव साचा होता. एका कडेला मोठं झाड, मध्ये पडका अवशेष, दूर डोंगर आणि पुढे एक-दोन बारीक माणसं. ही माणसं कोण, हे चित्र सांगत नाही. त्यांचं काम दोनच: अवशेष किती मोठा आहे ते दाखवणं, आणि जागा 'पूर्वेकडची' आहे हे पटवणं. पुढे कॅमेरा आला तेव्हा त्याने नवी नजर आणली नाही, हाच साचा उचलला. पुरातत्त्वाच्या जुन्या फोटोंमध्ये खांबाशेजारी किंवा मूर्तीच्या पायाशी उभा केलेला माणूस तुम्ही नक्की पाहिला असेल. फोटोखालच्या ओळीत लेण्याचं नाव असतं, त्या माणसाचं नसतं. तो तिथे मोजपट्टीच्या जागी उभा आहे.

संशोधकाने इथे थांबायला हवं. तो माणूस कुठून आला? डोंगर चढून सामान कोणी आणलं, वाट कोणी दाखवली, प्रवेशद्वारासमोरची झुडपं कोणी तोडली? फोटो हे सांगत नाही, पण या कामाला माणसं लागलीच असणार हे मात्र नक्की सांगतो.

ओल्या काचेचा हिशेब

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे कोलकाता आणि मद्रासच्या सोसायट्यांच्या दोन वर्षं आधी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हे काम फक्त साहेबांचं नव्हतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण हे आणखी एक ठळक नाव.

तेव्हा वापरात असलेली ओल्या काचेची रीत, म्हणजे वेट कोलोडियन, फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये जाहीर केली होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, आणि थर वाळायच्या आत अंधारात डेव्हलप करून धुवायची. म्हणजे फोटोग्राफरला डोंगरावर अंधाराचा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि भरपूर स्वच्छ पाणी, सगळंच लागायचं.

ही माहिती मी तांत्रिक हौसेपोटी देत नाहीये. यावरून तीन गोष्टी कळतात, आणि तिन्ही इतिहासाच्या वाचनात लागतात.

एक, जागेची निवड. सामानाच्या ओझ्यासकट जिथे पोचता येईल आणि जिथे पाणी मिळेल, तिथलेच फोटो निघणार. कान्हेरीला लेण्यालेण्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. भिक्षूंसाठी दात्यांनी खोदून दिलेलं हे पाणी. अशी सोय असलेली जागा ओल्या काचेवर काम करणाऱ्यालाही सोयीची. डोंगराच्या आतल्या वाटेवरचा पाडा त्या मानाने अवघड.

दोन, जंगलाचा रंग. या काचेला निळा प्रकाश चटकन दिसायचा. हिरवा आणि तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून आकाश पांढरंफटक यायचं आणि झाडी काळी, दाट, एकसंध. त्यावर उघडझाप काही सेकंदांची, तेवढ्यात वाऱ्याने पानं हलली की झाडी धुरकट. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकाच छापात जोडली, ती याच अडचणीमुळे. तेव्हा एखाद्या जुन्या फोटोत झाडी काळीकुट्ट दिसते म्हणून 'इथे घनदाट अरण्य होतं' असं प्रबंधात लिहू नका. तुम्ही बघताय ते अर्धं जंगल आहे आणि अर्धं रसायन.

तीन, ऋतू. मुंबईच्या पावसात हे काम जवळपास अशक्य. म्हणून जुने फोटो साधारण कोरड्या महिन्यांतले असणार असं धरून चालणं बरं. आज आपल्याला नॅशनल पार्क म्हटलं की धबधबे आणि धुकं आठवतं. ती नजर नंतरची, वेगवान फिल्म आणि रंगीत फोटो आल्यावरची. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत डोंगरउतारावर कोण काय पेरत होतं, कोण काय गोळा करत होतं, हे हिवाळ्यातल्या काचेवर येणं शक्यच नव्हतं.

माणसं वेगळी, डोंगर वेगळा

आता एक फार उपयोगी उदाहरण. विल्यम जॉन्सन हा मुंबईचा फोटोग्राफर आणि फोटोग्राफिक सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. त्याने विल्यम हेंडरसनच्या सोबतीने १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले.

या खंडांतली गंमत अशी की माणसांचे फोटो वेगळे काढलेले आहेत आणि मागची दृश्यं वेगळी. माणसांच्या आकृत्या कापून निसर्गाच्या किंवा शहराच्या दृश्यावर जोडल्या आणि त्यातून एक नवा फोटो तयार केला. नीट पाहिलं तर उजेडाची दिशा जुळत नाही, पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.

याला 'बनावट' म्हणून बाजूला टाकणं सोपं आहे. पण मला तो कापाकापीचा प्रकार प्रामाणिक वाटतो, कारण त्या काळची विभागणी त्यात उघडी पडते. माणूस हा 'जातीजमाती' या विषयाचा, डोंगर हा 'दृश्य' या विषयाचा. दोन्ही एकत्र दाखवायचे तर कात्री आणि गोंद लागतो. ज्या फोटोंत कात्री चालवलेली नाही, त्यांतही ही विभागणी असतेच, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

तलाव आधी की जंगल आधी?

निसर्गदृश्यांत सगळ्यांत जास्त फोटो तलावांचे. विहार घ्या. १८५४ मध्ये मुंबईत पाण्याची भीषण टंचाई झाली, १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये ते पुरं झालं. मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून केलेला हा तलाव आहे. तुळशी १८७९ चा. म्हणजे जे पाणी आपण 'निसर्ग' म्हणून फोटोत घेतो, ते शहराच्या नळासाठी अडवलेलं पाणी आहे.

आणि पाणी अडवलं की गोष्ट तिथेच थांबत नाही. पिण्याच्या पाण्याच्या तलावात वरच्या उतारावरून घाण यायला नको, म्हणून पाणलोटाची जमीन ताब्यात ठेवावी लागते. तिथे शेती नको, गुरं नकोत, वस्ती नको. या बंदीमुळे उतारावर झाडी टिकली आणि वाढली. मुंबईसारख्या जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान उरलं, याचं एक मोठं कारण हे तलाव. तेव्हा 'अस्पर्श निसर्ग' हा शब्द लिहिताना हात आखडता घ्या. ही झाडी सरकारी आणि महापालिकेच्या निर्णयांतून राखली गेलेली आहे, आणि राखण्याची किंमत त्या उतारावर राबणाऱ्यांनी चुकवलेली आहे.

आता खात्यांची यादी करा. लेण्यांचा दगड पुरातत्त्व खात्याचा. जेम्स बर्जेस याच्याकडे १८७४ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम आलं, आणि कान्हेरीच्या नोंदी त्या परंपरेत होत गेल्या. तलावाचं पाणी महापालिकेचं. झाडं आणि प्राणी वन खात्याचे. प्रत्येक खात्याने आपापल्या कामाचे फोटो काढले: एकाने खांब आणि शिलालेख, दुसऱ्याने बांध आणि जलाशय, तिसऱ्याने झाडी आणि जनावरं. आणि माणसं? ती जातीजमातींच्या अल्बममध्ये, तीही त्यांच्या अंगणापासून तोडून. पाडा हा दगड नाही, पाणी नाही, झाड नाही. त्याची फाईलच कोणाकडे नव्हती.

म्हणून वर मी म्हटलं की मुद्दाम वगळणं हे उत्तर अपुरं आहे. कोणी वाईट हेतूने कॅमेरा वळवला असं समजायची गरजच नाही. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं, तरी सगळ्यांच्या कामाची बेरीज करताना पाडा शून्यच राहिला.

योसेमिटी आणि बोरिवली

निसर्गाच्या फोटोंचा जगभरचा इतिहास लिहिताना अमेरिकेतल्या योसेमिटीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये अवाढव्य काचांवर योसेमिटी खोऱ्याचे फोटो काढले. ते पूर्वेकडच्या शहरांत गाजले, आणि १८६४ मध्ये लिंकनने ते खोरं कॅलिफोर्निया राज्याकडे राखीव म्हणून सोपवण्याच्या कायद्यावर सही केली. १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन यलोस्टोनच्या मोहिमेवर गेला, आणि १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. फोटो आधी, उद्यान नंतर.

या गोष्टीत एक तारीख सहसा गाळली जाते. वॉटकिन्सच्या दहा वर्षं आधी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी तिथल्या मूळ रहिवाशांना, अवानीची लोकांना, हुसकायला त्याच खोऱ्यात शिरली होती. फोटोंतलं भव्य रिकामपण त्यानंतरचं आहे. विल्यम क्रोनन या इतिहासकाराने १९९५ मध्ये 'विल्डरनेस' या कल्पनेवर लिहिलेला निबंध आणि मार्क डेव्हिड स्पेन्सचं १९९९ चं पुस्तक याच मुद्द्यावर आहे. वाचून ठेवा, मुलाखतीत विचारतात.

पण जसंच्या तसं ते बोरिवलीला लावू नका. तुलना करताना फरकही तितकाच जपून मांडावा लागतो. इथे फोटोंमुळे उद्यान झालं असं म्हणता येत नाही. इथे आधी लेणी, मग तलाव, मग पाणलोटाची राखण, आणि मग उद्यान असा क्रम आहे. उद्यानाचं आधीचं नाव कृष्णगिरी, म्हणजे कान्हेरी ज्या नावावरून आलं तेच. सुरुवातीचं क्षेत्र वीसेक चौरस किलोमीटरचं. १९६९ मध्ये आसपासची वनजमीन जोडून ते वाढवलं गेलं. पुढे बोरिवली नॅशनल पार्क आणि मग आजचं नाव. शिवाय योसेमिटी शहरापासून दूर होतं. आपलं उद्यान शहराच्या मध्ये सापडलंय. इथे रिकामपण एका लष्करी मोहिमेतून आलं नाही. नियम, सीमारेषा, नोटिसा आणि फोटोंच्या चौकटी यांतून ते हळूहळू तयार झालं.

हे सगळं आज कशाला?

कारण फोटो कोर्टात आणि सरकारी टेबलावर जातात.

१९९५ मध्ये एका पर्यावरण संस्थेने उद्यानातल्या अतिक्रमणांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १ जानेवारी १९९५ ही तारीख पुनर्वसनासाठी महत्त्वाची ठरली, आणि पुनर्वसनाची घरं चांदिवलीला झाली. उद्यान वाचायला हवं होतं, यात वाद नाही. कडेने वस्ती वाढत होती आणि जंगल आत सरकत होतं. पण कालपरवा आलेली वस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा यांत फरक करायचा तर जुनेपणाचा पुरावा लागतो. आणि 'निसर्गाच्या' फोटोंत सवय झालेल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच 'घुसखोरी' दिसते.

२००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे: गॅझेटियर, जनगणना, नकाशे, उपग्रहचित्रं, जागेवरच्या खुणा म्हणजे घरं, विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं म्हणणं. म्हणजे कायदा एकाच साधनावर विसंबत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही पद्धतीचा यापेक्षा चांगला धडा नाही. फोटोत घर दिसलं तर तो घर असल्याचा पुरावा आहे. फोटोत घर दिसलं नाही, तर तो घर नसल्याचा पुरावा होत नाही. हे दुसरं वाक्य ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

कारवीचं उदाहरण घ्या. कारवी आठ वर्षांनी एकदाच सगळी मिळून फुलते. २०१६ मध्ये उद्यानात ती फुलली, आणि २०२४ मध्ये पुन्हा. कॅमेरे घेऊन लोक सकाळी सहाला रांगेत. फुलं खरंच सुंदर असतात, मी नाही म्हणत नाही. पण वारली घराची भिंत याच कारवीच्या काटक्यांचा कुड विणून, त्यावर माती आणि शेणाचा लेप देऊन होते. त्याच लेपावर तांदळाच्या पिठाची चित्रं निघतात. फोटोग्राफरला कारवी आठ वर्षांतून एकदा दिसते. कुड विणणाऱ्याला ती दरवर्षी दिसते, फुलाशिवायही. जांभळ्या डोंगराचा फोटो बघताना 'ही काठी कोणाच्या घरात आहे?' असं विचारलंत, की त्याच फोटोत पाडा दिसायला लागतो.

याच्या उलट टोकाला आजच्या इमारतींच्या जाहिराती आहेत. बोरिवली, मुलुंड, कांदिवली, कुठेही बघा: तिसाव्या मजल्याच्या गॅलरीतून घेतलेला हिरव्यागार डोंगराचा फोटो आणि खाली 'नॅशनल पार्क व्ह्यू'. इथे दृश्यालाच किंमत आहे, आणि ते रिकामं दिसलं तर जास्त. शंभर वर्षांनी कोणी संशोधक हे माहितीपत्रक चाळेल तेव्हा त्याने काय निष्कर्ष काढावा असं तुम्हाला वाटतं?

चौकट बदलता येते याचंही उदाहरण आहे. नयन खानोलकर यांच्या 'द अ‍ॅली कॅट' या फोटोला २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. जागा आरे कॉलनी, रात्रीची वेळ, घरांमधल्या अरुंद वाटेने जाणारा बिबट्या. त्यात जंगल जवळजवळ नाहीच. भिंती आहेत, वाट आहे, माणसांचा शेजार आहे. वारली समाज वाघोबाला देव मानतो, आणि बिबट्या हा त्यांच्यासाठी शेजारी आहे, हे त्या फोटोमुळे जगाला दिसलं. फोटो प्राण्याचाच आहे, पण त्यासाठी पाडा कापून टाकावा लागला नाही.

मग फोटो हातात घेतल्यावर काय करायचं?

माझ्या टेबलासमोर पाच प्रश्न लिहिलेले आहेत. तुम्हीही वापरा.

पहिला: कॅमेरा कुठे उभा आहे? नकाशा काढा आणि जागा शोधा. शक्य असेल तर तिथे जाऊन उभे राहा, अर्थात उद्यानाचे नियम पाळून. मग मागे वळून बघा. फोटोग्राफरच्या पाठीमागे जे होतं, ते बऱ्याचदा फोटोइतकंच महत्त्वाचं असतं.

दुसरा: कोणत्या तंत्राने काढलाय आणि त्या तंत्राला काय दिसत नव्हतं? ओली काच असेल तर रंग, हालचाल आणि पावसाळा बाद.

तिसरा: पैसे कोणी दिले, काम काय होतं? लेण्याची नोंद, तलावाचा अहवाल, विकायचा अल्बम, की घराची जाहिरात?

चौथा: आज तो कुठे आणि कोणत्या नावाखाली ठेवलाय? सूचीत 'कान्हेरी' शोधलंत तर लेणीच मिळतील. 'साष्टी', 'ठाणे जिल्हा', 'विहार', 'तुळशी', आणि जमातींची नावं, सगळं शोधा. इंग्रजी सूचीत स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी असतं, तेही धरून चला.

पाचवा: हाच प्रदेश दुसरं कोणतं साधन कसा सांगतं? १८८२ चे ठाणे जिल्हा गॅझेटियरचे खंड घ्या, काळा घोड्याच्या पुराभिलेखागारातली महसुलाची कागदपत्रं घ्या, जुने सर्व्हे नकाशे घ्या, आणि पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. पाड्यांची नावंच बघा: चिंच, केळी, चुना. कोणीतरी या जागेवर झाडं ओळखून, काम करून, राहून ही नावं ठेवलीत. नाव हेही एक साधन आहे, आणि त्याला कॅमेरा लागत नाही.

बोलायला जाल तेव्हा एक पथ्य पाळा. कुटुंबाचं नाव, घराचा फोटो, जमिनीचा तपशील प्रबंधात किंवा समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्यांना विचारा, आणि त्याचा पुढे काय वापर होऊ शकतो हे समजेल अशा भाषेत सांगा. ज्यांना दीडशे वर्षं चौकटीबाहेर ठेवलं, त्यांना न विचारता चौकटीत ओढणं हेही बरोबर नाही. एका नोटिशीच्या अंतरावर असलेल्या घरासाठी तुमचा फोटो आधार ठरू शकतो, तसाच अडचणही.

पुढच्या आठवड्यापर्यंतचा गृहपाठ: आपल्या विषयाशी संबंधित एकच जुना फोटो निवडा. पाच प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहा. उत्तर मिळालं नाही तिथे रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. मार्गदर्शकांकडे जाताना तेच पान घेऊन जा. त्या पानावरचे कोरे रकाने म्हणजेच तुमचा संशोधनाचा प्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.